चार्ली टेलरचा फोटो आधी लावा

सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं आहे. १७ डिसेंबरला त्यांना विमानविद्येच्या आद्य मंडळींची आठवण म्हणून शाळेत कार्यक्रम करायचा आहे. भिंतीवर फोटो कुणाकुणाचे लावावेत, शिवकर बापूजी तळपदे यांचा लावावा का, आणि ‘पुढे विमानं विजेवर उडणार का?’ असं मुलांनी विचारलं तर काय सांगावं, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. मी विमान देखभालीचा इंजिनिअर. चौतीस वर्षं हँगरमध्ये, म्हणजे विमानं दुरुस्त करायच्या शेडमध्ये काढली, त्यातली निम्मी रात्रपाळीत. आता निवृत्त आहे. त्यामुळे हे उत्तर हँगरमध्ये उभं राहून दिलेलं आहे असं समजा.

बाई, पहिला फोटो चार्ली टेलरचा लावा. राइट बंधूंचे फोटो तुम्ही लावणारच आहात, ते लावायलाच हवेत. पण मुलांना आधी टेलर दाखवा. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन गावी राइट बंधूंचं सायकलींचं दुकान होतं, त्यात १९०१ साली हा माणूस कारागीर म्हणून कामाला लागला. १९०२ च्या अखेरीस दोघा भावांना विमानासाठी हलकं इंजिन हवं होतं. मोटारींची इंजिनं करणाऱ्या कारखान्यांना त्यांनी पत्रं लिहिली, पण त्यांना हवं तेवढं हलकं इंजिन द्यायला कुणीच तयार झालं नाही. मग हे काम टेलरच्या अंगावर आलं. त्याच्याकडे एक लेथ, एक ड्रिल मशीन आणि हातातली हत्यारं, एवढंच होतं. रीतसर ड्रॉइंगही नव्हतं. कागदाच्या चिटोऱ्यांवर आकृत्या काढायच्या आणि त्या बाकासमोर टाचून ठेवायच्या. सहा आठवड्यांत त्यानं चार सिलिंडरचं, साधारण १२ अश्वशक्तीचं इंजिन उभं केलं. त्याचा मुख्य सांगाडा ॲल्युमिनियमचा ओतलेला होता. त्या काळात ही फार धाडसाची निवड होती.

त्यातला क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातल्या दट्ट्यांची मागेपुढे हालचाल फिरतीत बदलणारा दांडा, कसा केला ते मुलांना सविस्तर सांगा. सुमारे ४५ किलो वजनाची पोलादाची लादी घेतली. तिच्यावर क्रँकशाफ्टचा आकार आखला. आखलेल्या रेषेच्या कडेकडेनं ड्रिलनं भोकं पाडत नेली, आणि मधला नको असलेला भाग छिन्नी-हातोड्यानं ठोकून काढला. मग तो ओबडधोबड तुकडा लेथवर चढवला. शेवटी हाती आलेला भाग नऊ किलोलाही थोडा कमी होता, म्हणजे पाचातले चार हिस्से पोलाद त्यानं हातानं काढून टाकलं. मी शिकाऊ असताना पहिले कित्येक आठवडे आम्हाला लोखंडाचा एक ठोकळा कानशीनं घासून काटकोनात आणायला लावत. गुण्या लावायचा, ठोकळा उजेडासमोर धरायचा, आणि पात्याखालून प्रकाशाची रेघ दिसली की पुन्हा घासायचं. ती रेघ नाहीशी व्हायला चार-चार दिवस लागत. तळहाताला फोड यायचे. त्यामुळे टेलरचा क्रँकशाफ्ट म्हणजे काय काम असेल, याची मला थोडी कल्पना आहे, आणि त्याचं नाव घेताना आजही माझा ऊर भरून येतो.

या माणसाचं पुढे काय झालं, तेही मुलांपासून लपवू नका. १९५५ साली तो लॉस एंजेलिसमध्ये धर्मादाय रुग्णालयाच्या वॉर्डात सापडला. विमान उद्योगातल्या लोकांनी पैसे गोळा करून त्याला चांगल्या ठिकाणी हलवलं, आणि १९५६ च्या जानेवारीत तो गेला. आता अमेरिकेत त्याचा वाढदिवस, २४ मे, हा विमान तंत्रज्ञांचा दिवस मानतात, आणि पन्नास वर्षं या क्षेत्रात घालवणाऱ्याला त्याच्या नावाचं मानपत्र मिळतं. सन्मान फार उशिरा झाला याचं मला वाईट वाटतं. तुमच्या शाळेत तो वेळेवर व्हावा, म्हणून तो फोटो आधी.

आता राइट बंधू. बहुतेक पुस्तकांत ‘सायकल दुकानदारांनी विमान उडवलं’ एवढंच येतं, आणि मुलांना वाटतं की जिद्दीनं सगळं होतं. जिद्द तर ओटो लिलिएंटाललाही होती. जर्मनीतल्या या माणसानं स्वतः बांधलेल्या ग्लायडरांवरून, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानांवरून, सुमारे दोन हजार उड्डाणं केली, पंखांवरच्या दाबाचे तक्ते छापले, आणि ९ ऑगस्ट १८९६ ला कोसळून दुसऱ्या दिवशी प्राण सोडला. राइट बंधूंनी सुरुवात त्याच्याच तक्त्यांपासून केली. १९०१ चा ग्लायडर त्यांनी त्या आकड्यांवरून बांधला, आणि त्याला अपेक्षेच्या एक तृतीयांशच उचल मिळाली. दोघे निराश होऊन घरी परतले.

त्यानंतर त्यांनी जे केलं, त्यासाठी त्यांचा फोटो लावायचा. वाऱ्याच्या झोतात पंख तपासायला दुकानात त्यांनी लाकडाची पेटी बनवली, सुमारे सहा फूट लांब, एका टोकाला पंखा. पत्रा कात्रीनं कापून पंखांचे छोटे नमुने केले. उचल मोजायचा काटा सायकलच्या आऱ्या आणि करवतीची पाती जोडून बनवला. १९०१ च्या शेवटच्या तीन महिन्यांत दोनशेच्या आसपास आकार त्या पेटीत तपासून त्यांनी नोंदी केल्या. त्यातून कळलं की लिलिएंटालचे तक्ते फारसे चुकलेले नव्हतेच. हवेच्या दाबाचा जो स्थिरांक सगळे जण अठराव्या शतकापासून डोळे मिटून वापरत होते, तो खऱ्यापेक्षा जवळजवळ दीडपट मोठा होता. म्हणजे सगळ्यांच्या हिशेबात पहिलीच ओळ चुकलेली. नव्या आकड्यांवर बांधलेला १९०२ चा ग्लायडर नीट उडाला, हातातही राहिला.

त्याच सुमारास विमान बनवायला सॅम्युएल लँग्ली या शास्त्रज्ञाला अमेरिकेच्या युद्धखात्यानं पन्नास हजार डॉलर दिले होते. त्याचं इंजिन टेलरच्या इंजिनाच्या चौपट ताकदीचं होतं. तरी त्याचं यंत्र १९०३ च्या ऑक्टोबरात आणि पुन्हा ८ डिसेंबरला पोटोमॅक नदीत पडलं. नऊ दिवसांनी, १७ डिसेंबरला, अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात, किल डेव्हिल हिल्सच्या वाळूवर ऑर्व्हिल राइट १२ सेकंद उडाला. त्या दिवशी दोघा भावांची मिळून चार उड्डाणं झाली, शेवटचं विल्बरचं, ५९ सेकंद आणि २६० मीटर. मग वाऱ्याचा झोत आला, विमान उलटंपालटं झालं, आणि ते पुन्हा कधीच उडलं नाही.

माझ्या खिशात नेहमी लोकरीचा एक धागा असायचा, त्याचं कारणही याच गोष्टीत आहे. पुण्याला हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर गेलात तर बघा, ग्लायडरच्या काचेवर बाहेरून वीतभर लोकर चिकटवलेली असते. विमान तिरकं घसरायला लागलं की धागा बाजूला कलतो, पायलट पायानं रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, देतो, धागा पुन्हा सरळ होतो. राइट बंधूंच्या ग्लायडरवरही असाच दोरा बांधलेला होता. सव्वाशे वर्षांत त्या उपकरणात कुणाला सुधारणा करता आलेली नाही.

आता तळपदे. हा प्रश्न नाजूक आहे हे मला माहीत आहे. मराठी माणूस म्हणून मलाही वाटतं की १८९५ साली चौपाटीवर मुंबईच्या माणसानं विमान उडवलं ही गोष्ट खरी असावी. पण हँगरमध्ये आम्हाला एकच शिस्त शिकवली होती: कागदावर नोंद नसेल तर काम झालेलं नाही. त्या उड्डाणाचा त्याच काळातला, तपासून पाहता येईल असा पुरावा हाती नाही. यंत्राचं वजन, पंखाचं क्षेत्रफळ, इंजिनाची ताकद, यांतलं काहीच मोजता येत नाही. या गोष्टीबरोबर, प्राचीन म्हणून सांगितल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाचं नाव घेतलं जातं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ साली तो ग्रंथ तपासला. तो १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यातली विमानं उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

तळपद्यांच्या पाऱ्यावर चालणाऱ्या इंजिनाची कथा तुमच्याही कानावर आली असेल. आमच्या धंद्यात पारा हा शब्द ऐकला तरी माणसं दचकतात. पाऱ्याचा थेंब ॲल्युमिनियमवर पडला आणि वरचा संरक्षक थर खरवडला गेला, की पारा धातूत शिरतो आणि तो भाग आतून पोखरत नेतो. केबिनमध्ये साधा पाऱ्याचा थर्मामीटर फुटला तरी विमान बाजूला घेऊन पारा कुठे गेला ते शोधतात. मुलांना ही माहिती द्या, त्यांना ती आवडेल.

तळपद्यांचा फोटो मात्र जरूर लावा. १८९० च्या दशकातल्या मुंबईत एका माणसाला उडण्याचा ध्यास लागावा आणि त्यानं त्यात आयुष्याची वर्षं घालवावीत, हे आदरानं सांगण्यासारखं आहे. फक्त खाली ‘जगातलं पहिलं विमान उडवणारे’ असं लिहू नका. ‘विमानाचा ध्यास घेतलेले मुंबईकर’ असं लिहा. तळपद्यांवर प्रेम असलेल्या माणसानं त्यांच्या नावावर न टिकणारा दावा चिकटवू नये, असं मला मनापासून वाटतं. उद्या कुणी तो दावा खोडला, की त्यांची खरी धडपडही त्याबरोबर पुसली जाते.

आपल्याकडे अभिमानानं सांगावं असं नोंदीतलं भरपूर आहे. १८ फेब्रुवारी १९११ ला आँरी पेके या फ्रेंच वैमानिकानं अलाहाबादहून यमुना ओलांडून नैनीला साडेसहा हजारांच्या आसपास पत्रं नेली. विमानानं टपाल नेण्याची जगातली ती पहिलीच अधिकृत फेरी. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून पस मॉथ विमानात टपालाच्या थैल्या घेऊन निघाले, अहमदाबादला थांबले आणि जुहूला उतरले. तिथून पुढे मद्रासपर्यंत ते विमान नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नेलं. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते, हे मुलांना सांगायला विसरू नका. जुहूची धावपट्टी म्हणजे समुद्राकाठचा सपाट चिखल. पावसाळ्यात ती पाण्याखाली जायची, तेव्हा सगळा बाडबिस्तरा पुण्याला येरवड्याच्या मैदानावर हलवायचे. दोन विमानं, तीन पायलट, तीन मेकॅनिक, एवढाच टाटांच्या त्या टपाल विमानसेवेचा पसारा. पावसाळी हवेत कापडानं मढवलेलं विमान चालू ठेवायचं म्हणजे रोज कापड तपासा, डोप (कापड ताठ करणारं रोगण) लावा, गंज पुसा. त्या मेकॅनिकांनी त्या चिखलात काय केलं असेल ते आमच्या धंद्यातल्या माणसाला न सांगता कळतं. त्यांच्यासाठी भिंतीवर एक रिकामी चौकट ठेवा, असं सुचवतो.

गोव्याला सहल काढणार असाल तर बोगमाळोजवळचं नौदलाचं विमान संग्रहालय चुकवू नका. तिथलं सुपर कॉन्स्टेलेशन हे चार इंजिनांचं जुनं विमान एकेकाळी एअर इंडियाच्या ताफ्यात होतं. त्याच्या पोटाखाली मुलांना उभं करा आणि रिव्हेटच्या रांगा बघायला सांगा.

या धंद्यातला सर्वांत मोठा वारसा म्हणजे चूक लिहून ठेवण्याची सवय. १७ सप्टेंबर १९०८ ला वॉशिंग्टनजवळच्या फोर्ट मायर या लष्करी तळावर प्रात्यक्षिक चालू असताना ऑर्व्हिलच्या विमानाचा पंखा (प्रोपेलर) चिरला, थरथरत जाऊन मागच्या तारेत अडकला आणि विमान कोसळलं. शेजारी बसलेला लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज मरण पावला. इंजिनाच्या विमानाच्या अपघातात गेलेला तो पहिला माणूस. ऑर्व्हिलची मांडी आणि बरगड्या मोडल्या. टेलर तिथेच होता, माणसं बाहेर काढायला धावणाऱ्यांत. मग मोडलेले तुकडे बघून कारण शोधलं, पुढच्या विमानात दुरुस्ती केली, आणि १९०९ च्या जुलैत ऑर्व्हिलनं त्याच मैदानावर चाचण्या पूर्ण केल्या.

आम्ही त्याच सवयीवर वाढलो. मी नवा असताना एका रात्री काम आटपून टूलबॉक्स मोजला तर १० मिलिमीटरचं सॉकेट कमी. पहाटेचं उड्डाण होतं. कुणी म्हणालं असतं की घरी राहिलं असेल, तर मीही मान डोलावली असती. आमच्या वरिष्ठांनी विमान सोडलं नाही. चौघांनी बॅटऱ्या घेऊन इंजिनावरची झाकणं, म्हणजे काउलिंग, उघडली. दीड तासानं सॉकेट सापडलं, एका पाइपच्या क्लॅम्पमागे उभं, जणू तिथेच बसवलेलं. ते माझ्याच हातून राहिलं होतं. उड्डाणाला उशीर झाला, आणि माझ्याच अक्षरात मला ते सगळं लिहावं लागलं. कुणी रागावलं नाही. लिहून घेतलं आणि पुढच्या कामाला लावलं. त्यानंतर तीस वर्षांत टूलबॉक्स न मोजता मी एकदाही सही केली नाही.

आता पुढचं काय. विजेच्या विमानाबद्दल मुलांना उत्तर देऊ नका, गणित द्या. राइट बंधूंनीही वजन आणि ताकद यांचाच हिशेब मांडला होता. एक किलो जेट इंधनात सुमारे १२ युनिट ऊर्जा असते. आजच्या चांगल्या बॅटरीत किलोमागे पाव युनिट धरा. जेट इंजिन त्यातली तिसऱ्या हिश्श्याच्या जरा वर ऊर्जा कामाला लावतं, विजेची मोटर नऊ-दशांश. मुंबई-दिल्लीला ए-३२० सारखं नेहमीचं प्रवासी विमान अंदाजे साडेचार टन इंधन जाळतं. याच आकड्यांनी तेवढं काम बॅटरीकडून करून घ्यायचं तर ८० टनांच्या पुढे बॅटरी लागेल. आणि त्या विमानाला माणसं, सामान, इंधन सगळं धरून उडता येतं ते ७८ टनांच्या आसपास. शिवाय इंधन वाटेत संपत जातं, म्हणून उतरताना विमान हलकं असतं. बॅटरी जेवढी नेली तेवढीच परत आणायची, तो सगळा भार चाकांवर. आठवीतल्या मुलाला हे फळ्यावर करता येईल.

म्हणजे वीज निरुपयोगी असं नव्हे. २०२० च्या जूनमध्ये युरोपात पिपिस्ट्रेल कंपनीच्या व्हेलिस इलेक्ट्रो या दोन आसनी विमानाला प्रमाणपत्र मिळालं. पूर्ण विजेवर चालणारं प्रमाणित विमान म्हणून ते पहिलंच. पाऊण तासाच्या आसपास उडतं. बारामती-गोंदियाला मुलं ज्या छोट्या विमानांवर उड्डाण शिकतात, ते धडे अशा विमानावर होऊ शकतील, आणि धावपट्टीशेजारच्या गावाला आवाजही कमी होईल. विजेची सुरुवात तिथून होईल, असं माझं मत आहे. सौरऊर्जेवर जगप्रदक्षिणा करणारं सोलर इम्पल्स २ मार्च २०१५ मध्ये अहमदाबाद आणि वाराणसीला उतरलं होतं. त्याच्या पंखांचा पसारा ७२ मीटर, वजन सव्वादोन टनांच्या आसपास, आणि आत माणूस एकच.

मोठ्या विमानांसाठी मला जास्त आशा वाटते ती नव्या इंधनाची. वापरलेलं तेल, शेतीतला कचरा, उसाच्या इथेनॉलपासूनही जेट इंधन करता येतं, आणि ते आजच्याच इंजिनात, नेहमीच्या इंधनात मिसळून चालतं. मे २०२३ मध्ये देशात तयार झालेलं असं मिश्रण वापरून पुणे ते दिल्ली प्रवासी उड्डाण झालं. ते इंधन पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजनं बनवलं होतं. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ पासून एक टक्का आणि २०३० पर्यंत पाच टक्के मिश्रण, असं आपल्या सरकारचं उद्दिष्ट आहे. हे इंधन अजून महाग आहे, आणि जगातल्या एकूण वापराच्या एक टक्काही नाही. ऊस पिकवणाऱ्या भागातल्या मुलांनी यात पुढे जावं असं मला फार वाटतं, कारण हे काम विमानापेक्षा रसायनशास्त्राचं आणि शेताचं आहे. हायड्रोजनचं थोडक्यात: वजनाला हलका, पण द्रवरूपात ठेवायला उणे २५३ अंश थंडी आणि चौपट मोठी टाकी लागते. ती टाकी ठेवायची कुठे, यावर अजून काम चालू आहे.

आणि एक गोष्ट मुलांना शेवटी दाखवा, फोटो सहज मिळेल. १९ एप्रिल २०२१ ला मंगळावर इन्जेन्युइटी नावाचं १.८ किलोचं हेलिकॉप्टर ३९ सेकंद उडालं. तिथली हवा आपल्या हवेच्या एक टक्का दाटीची, म्हणून पाती मिनिटाला अडीच हजार वेळा फिरवावी लागली. त्याच्या सौरपट्टीखाली राइट बंधूंच्या १९०३ च्या त्याच विमानाच्या पंखाच्या कापडाचा टपाल तिकिटाएवढा तुकडा चिकटवला होता. पाच उड्डाणं व्हावीत म्हणून पाठवलेलं ते यंत्र बहात्तर वेळा उडालं.

कार्यक्रमाच्या दिवशी भाषणं कमी करा आणि मुलांना मैदानात न्या. चुन्यानं एक रेघ मारा, टेपनं साडेछत्तीस मीटर मोजून दुसरी मारा. ते पहिलं उड्डाण, ए-३२० च्या लांबीहूनही कमी. घड्याळ लावून मुलांना १२ सेकंदांत ते अंतर पळत जायला सांगा. हळू पळालं तरी जमेल, आणि पाचवीतलं पोरही जोरात पळत त्या विमानाच्या पुढे जाईल. मग कुणीतरी विचारेलच, एवढं हळू जाऊन ते उडालं कसं? तेव्हा वाऱ्याचं सांगा. त्या सकाळी समोरून ताशी ४० किलोमीटरच्या आसपास वारा होता, पंखांना तोही मिळत होता. प्रत्येकाला काडीला बांधलेला लोकरीचा धागा द्या आणि वाऱ्याकडे तोंड करून धरायला सांगा. लोकर लाल रंगाची घ्या, आकाशापुढे तीच नीट दिसते.